दोन सिनेमांच्या मधल्या वर्षांत दिग्दर्शक जगतो कशावर? (गुहागरहून प्रश्न)

पोफळीची_बाग

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला, सध्या चिपळूणला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला सिनेमात जायचंय, नट म्हणून नाही, दिग्दर्शक म्हणून. हे खूळ डोक्यात शिरलं ते अविनाश अरुण यांचा 'किल्ला' बघून, आमच्याच भागात शूट झालाय तो. पोरं सायकलची रेस लावून किल्ल्यावर जातात, वरनं पाऊस कोसळायला लागतो आणि तो चिन्मय आत एकटाच राहतो, बाकीचे पसार. तो सीन बघताना मला पहिल्यांदा कळलं की आपल्या इथला पाऊस, आपल्या इथला कंटाळा, बदली होऊन आलेल्या बाईंचा मुलगा वर्गात नवीन असणं, ह्याचाही सिनेमा होतो, आणि बर्लिनच्या फिल्म फेस्टिवलला जाऊन क्रिस्टल बेअर हे बक्षीस घेऊन येतो.

घरी बाबांना सांगितलं. ते चिडले वगैरे नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की बक्षीस मिळालं हे चांगलंच, पण एक सिनेमा झाल्यावर दुसरा होईपर्यंत हा माणूस जेवतो कशावर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इथे विचारतोय. असे स्वतंत्रपणे सिनेमे करणारे लोक नक्की जगतात कसे? आणि शिकायचं तर डायरेक्शन की दुसरं काही? कोणी ह्या लाइनमधे असेल तर प्लीज खरं काय ते सांगा, गोड नको.

दाभोळखाडी

मी दापोलीकडचा, मुंबईत कॅमेरा असिस्टंट आहे. तुझ्या बाबांनी बरोबर तोच प्रश्न विचारलाय जो विचारायला पाहिजे, त्यांना माझा नमस्कार सांग.

आता अविनाश अरुण यांचंच बघ. ते पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेतून शिकले पण सिनेमॅटोग्राफी, म्हणजे कॅमेरा, डायरेक्शन नाही. किल्ला दिग्दर्शित केला तेव्हा कॅमेराही त्यांचाच होता. फेब्रुवारी २०१४ ला बर्लिनला बक्षीस, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, आणि आपल्याला थेटरात बघायला मिळाला जून २०१५ मधे. म्हणजे जगात नाव झाल्यावर सव्वा वर्ष गेलं आणि मग कुठे तिकीटबारी दिसली. हे नीट लक्षात ठेव, कारण त्या सव्वा वर्षात घरभाडं कोणी माफ करत नाही.

आणि मग पुढे? दुसऱ्यांचे सिनेमे शूट केले. मसान, अजय देवगणचा दृश्यम, मदारी, हिचकी, सगळ्यांचा कॅमेरा अविनाश अरुण. २०२० ला प्रोसित रॉय यांच्याबरोबर पाताल लोक ही सिरीज दिग्दर्शित केली. 'किल्ला'नंतरचा त्यांचा मोठ्या पडद्यावरचा सिनेमा, थ्री ऑफ अस, गोव्याच्या इफ्फी या फिल्म फेस्टिवलमधे दाखवला गेला नोव्हेंबर २०२२ मधे आणि थेटरात आला नोव्हेंबर २०२३ मधे. मधे आठ-नऊ वर्षं गेली की रे! त्या वर्षांत ट्रॉफीने घर चालत नाही, हातातल्या कामाने चालतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला आपल्या मनासारखा सिनेमा करायचाय त्याने आधी असं एक काम शिकावं ज्यासाठी दुसरा माणूस फोन करून बोलावेल. कॅमेरा, एडिटिंग, साउंड, काहीही. नुसत्या दिग्दर्शकाला कोणी फोन करत नाही, त्यालाच सगळ्यांना फोन करत बसावं लागतं.

आणि गोड नको म्हणालास म्हणून हेही सांगतो. काम मिळालं तरी पैसे लगेच मिळत नाहीत. शिफ्टवर काम करायचं आणि बिलाची वाट बघायची, कधी कधी तीन तीन महिने. पहिली दोन-तीन वर्षं घरून थोडा आधार लागतोच.

त्या पावसाच्या सीनबद्दल बोललास म्हणून. खरा पाऊस कॅमेऱ्यात सहसा दिसतच नाही, माहितीये? डोळ्याला धो धो दिसतो आणि मॉनिटरवर नुसतं राखाडी. मागून उजेड मिळाला तर धारा उठतात, नाहीतर पागोळ्या, पत्रा, डबकी, झाडाची पानं असं काहीतरी फ्रेममधे धरावं लागतं ज्याच्यावर पाऊस आपटताना दिसेल. त्यात आपल्याकडची दमट हवा. एसी खोलीतून लेन्स काढली की लगेच धुकं धरते, बॅग आधी अर्धा तास बाहेर ठेवायची, मग उघडायची. आणि ढग सरकला की मागच्या शॉटशी उजेड जुळत नाही, अख्खं युनिट छत्र्या धरून उभं. कोकणातला पाऊस असा शूट करणारा माणूस आधी कॅमेरावाला आहे, ते उगाच नाही.

नीला_वेंगुर्ला

दाभोळखाडी, तुमचं बरंचसं पटलं, पण सगळंच नाही.

थ्री ऑफ अस आमच्या वेंगुर्ल्यातला. शेफाली शाह स्मृती जात चाललेली बाई आहे, ती नवऱ्याला घेऊन लहानपणी राहिलेल्या गावात येते आणि शाळेतल्या मित्राला भेटते. तो मित्र, जयदीप अहलावत, बँकेत नोकरीला आणि घरी बसून भरतकाम करतो. कपड्यावर टाका घालणारा उंचापुरा पुरुष, आणि बायको, मुली सगळ्यांना ते अगदी सवयीचं. कोणी त्याला हसत नाही, सिनेमाही हसत नाही. मला तो सिनेमा तिथे कळला. असं काही सुचणं हे कॅमेरा शिकून येत नाही, ते माणसांकडे बघत बसल्याने येतं आणि त्याला वेळ लागतो. ह्याच सिनेमाच्या छायाचित्रणासाठी अविनाश अरुणना फिल्मफेअरही मिळालं, ते मिळायलाच हवं होतं, पण मला विचाराल तर मी भरतकामासाठी दिलं असतं.

दुसरं म्हणजे 'श्वास'चे दिग्दर्शक संदीप सावंत. 'श्वास'ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक घेतलं, श्यामची आईनंतर पन्नास वर्षांनी मराठीला ते मिळालं, २००४ ला भारताकडून ऑस्करला गेला, परदेशातल्या प्रचारासाठी लोकांनी वर्गण्या काढून पैसे जमवले. एवढं सगळं होऊनही त्यांचा पुढचा सिनेमा, नदी वाहते, थेटरात आला २०१७ ला. तेरा वर्षं! तोही कोकणातल्या नदीवर आणि नदीकाठच्या माणसांवर. म्हणजे हातात कॅमेरा असो नसो, मधली वर्षं कोणाला चुकत नाहीत. त्या वर्षांत माणूस आपल्या विषयाला धरून राहतो का, हे मी बघते. सावंतांनी विषय सोडला नाही याचं मला फार मोल वाटतं.

पोफळीची_बाग, बाळा, बाबांशी भांडू नकोस. विचारणारे बाप मिळत नाहीत.

कुडाळ_स्टेशन

माका एकच सांगूचा आसा. सगळे आपले कोकणातलेच दाखले देतायत म्हणून मुंबईतला एक देतो. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे. त्यांच्या 'कोर्ट'ला २०१४ ला व्हेनिसच्या फेस्टिवलमधे दोन बक्षिसं, नंतर 'द डिसायपल'ला २०२० ला तिथेच पटकथेचं. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे तर कोर्टच्या आधीचं बघा. स्क्रिप्ट लिहायला वेळ मिळावा म्हणून विवेक गोंबर यांनी त्यांना महिन्याला ठरलेले पैसे दिले, मग त्यांनीच निर्मिती केली आणि सिनेमात वकीलही तेच झाले. डिसायपलचेही निर्माते तेच. म्हणजे तिसरा रस्ता हा की तुझ्यावर विश्वास ठेवणारा एक माणूस भेटणं. हे नशिबावर असतं असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही. ताम्हाणेंनी त्याआधी नाटक केलं होतं, गोंबर त्यात काम करत होते, तिथून ओळख. काहीतरी करत राहिलास तरच असा माणूस भेटतो, घरी बसून नाही.

आणि राज्य सरकारचं मराठी चित्रपटांना अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीने बघून पास केल्यावर. करायला घेताना खिसा आपलाच.

पोफळीची_बाग

खूप खूप आभार सगळ्यांचे. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले कॅमेऱ्याचं शिकतोस तर ग्रॅज्युएशन झाल्यावर एफटीआयआयची एंट्रन्स दे, एक वर्ष मी बघतो, त्याच्या पुढचं तेव्हा बघू. नीलाताई, भरतकामाचं वाचून परत बघितला सिनेमा, आधी नुसतंच बघून सोडून दिलं होतं मी ते. दाभोळखाडी दादा, तोपर्यंत मी काय करू? माझ्याकडे फक्त मोबाईल आहे.

दाभोळखाडी

मोबाईल भरपूर झाला. पाऊस आहे तोवर रोज एक शॉट घे, स्टँड लावून, न हलवता, मिनिटभराचा. पडवीतून, जेटीवरून, एसटी स्टँडवरून, कुठूनही. पाऊस नुसता पडतोय असं नको, कशावर पडतोय ते दिसलं पाहिजे. आणि आवाज नीट ऐक, पत्र्यावरचा, कौलावरचा आणि पोफळीच्या झावळीवरचा वेगवेगळा असतो. एंट्रन्सला ते कॅमेऱ्याचं मॉडेल विचारत नाहीत, तू काय बघतोस ते बघतात. सिनेमॅटोग्राफीच्या तीन वर्षांच्या कोर्सला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तुझी बीएस्सी फुकट जाणार नाही, उजेडाचं फिजिक्स रोज लागतं.

नीला_वेंगुर्ला

आणि नोव्हेंबरात इफ्फीला ये. २००४ पासून दरवर्षी पणजीलाच असतो, आपल्या दारात जगातले सिनेमे येतात आणि आपली मुलं जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. विद्यार्थ्यांसाठी वेगळं रजिस्ट्रेशन असतं, वेबसाइटवर तारखा आल्या की लगेच कर, लोकप्रिय सिनेमांच्या सीट्स लवकर भरतात. त्याच दिवसांत एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाचा फिल्म बझारही (आता वेव्हज फिल्म बझार) भरतो, तिथे अर्धवट झालेले सिनेमे परदेशातल्या फेस्टिवलवाल्यांना दाखवतात, त्याचा पास वेगळा आणि महाग, तो आत्ताच नको. आम्ही चार-पाच जण बांद्याहून सकाळी गाडीने जातो आणि रात्री परत येतो. आदल्या दिवशी कोकण रेल्वेने सावंतवाडीला उतर, आमच्याकडे रहा. आईबाबांचा नंबर मला व्यनि (खाजगी मेसेज) कर, मी बोलते त्यांच्याशी.