हिमेजीचं आयर्न आणि सामुराईचं भूत

आठवं_होल (कोबे)

गेल्या महिन्यात पुण्याचा एक मित्र आमच्याकडे चार दिवस राहून गेला. किल्ला पाहायचा नव्हता, साके प्यायची नव्हती. त्याला गोल्फच्या आयर्नचा (लोखंडी हेडाच्या क्लबचा) सेट हवा होता, तोही जवळच्या हिमेजीचाच. गेलो. दुकानदाराने ७ नंबरचं हेड सराफासारखं पांढऱ्या कापडावर ठेवलं आणि सांगितलं, या मुलुखात पूर्वी तलवारी घडायच्या, तोच हात आता आयर्न घडवतो. मित्राचे डोळे पाणावायचेच बाकी होते. सेटची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढी.

माझा खेळ बेताचा आहे (हॅन्डिकॅप १९, आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा, खोटं न बोलता). पण इथे नऊ वर्षं काढल्यावर या सामुराईच्या गोष्टीचा कंटाळा आलाय. गोल्फ इथे आणला आर्थर ग्रूम नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने. १९०३ मध्ये रोक्को डोंगरावर देशातला पहिला क्लब निघाला; तो डोंगर आमच्या गॅलरीतून दिसतो. हिमेजीच्या उत्तरेला इचिकावा नावाचं गाव आहे, १९३० च्या सुमारास देशी आयर्नची पहिली हेडं आपल्याकडे झाली म्हणून ते मिरवतं. तलवार कमरेला लावायची बंदी आली १८७६ साली. मध्ये अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला, तेवढ्यात तलवारवाल्यांची नातवंडं कुठल्या कुठे गेली असतील. जाहिरातीत मात्र आजोबांनी तलवार खाली ठेवून लगेच ७ नंबर उचलला.

जपानी आयर्न वाईट असं मी म्हणत नाही. पण जास्तीचे जे पैसे आपण मोजतो ते बहुतेक या गोष्टीचे. पटत नसेल त्यांनी बोलावं.

लेफ्टी (पुणे)

अजिबात पटत नाही. दुकानदाराच्या गोष्टी सोडा, खेळणाऱ्यांकडे बघा. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा १२ स्ट्रोकने मारली तेव्हा बॅगेत मिझुनो या जपानी कंपनीची आयर्न होती. ब्रुक्स केप्का २०१८ मध्ये यूएस ओपन आणि पीजीए दोन्ही जिंकला, मिझुनोच्याच आयर्नवर, आणि कंपनीशी करार नव्हता. जगातली कुठलीही कंपनी त्याला पोतंभर पैसे द्यायला तयार असताना तो विनाकरार जपानी लोखंड वापरतो, हे कुठल्या आजोबांच्या गोष्टीमुळे?

मी स्वतः अकरा वर्षं मिझुनो खेळतोय. त्यांची आयर्न हिरोशिमात १९६८ पासून एकाच कारखान्यात फोर्ज होतात, म्हणजे तापवून दाबून घडवतात. एकाच बिलेटमधून (लोखंडाच्या ठोकळ्यातून) चेहरा, मान (दांडा बसतो तो भाग), सगळं. मधोमध बसलेला फटका लोण्यातून सुरी गेल्यासारखा जातो. ज्याने अनुभवलाय त्याला पुरावा लागत नाही, ज्याने नाही त्याला देऊन उपयोग नाही.

आठवं_होल

लेफ्टी, शेवटचं वाक्य तर बुवाबाजीचं झालं. :)

मिझुनो म्हणते, मानेपर्यंत एकच तुकडा, म्हणून उत्तम. हिमेजीचं मिउरा हेड वेगळं फोर्ज करतं आणि मान त्यावर घर्षणाने जोडतं, ते म्हणतात म्हणून उत्तम. दोघंही जपानी, दोघांचेही भक्त डोळे मिटून शपथ घेतात. दोघांत निदान एकाची तरी "जाणीव" मनाची असणार ना? आणि मिझुनोचीच जेपीएक्स हॉट मेटल मालिका कास्ट (ओतीव) आहे. फोर्जिंगच्या देवळात प्रसाद कास्टिंगचा.

घणाचा_घाव (चिंचवड)

३१ वर्षं फोर्जिंग शॉपमध्ये काढली. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड. गोल्फ टीव्हीवर पाहिलंय, झोप लागेपर्यंत. पण लोखंडाबद्दल चार शब्द बोलू शकतो.

तलवारीची गोष्ट नुसती खोटी नाही, उलटी आहे. हे मऊ आयर्न एस२०सी, एस२५सी जातीच्या लोखंडाचे असतात असं मुलाने दाखवलं. २० म्हणजे कार्बन ०.२० टक्क्याच्या आसपास. आमच्या गावचा लोहार विळ्याला पाणी पाजायचा, त्याशिवाय धार टिकत नाही. ०.२० कार्बनच्या लोखंडाला कितीही पाणी पाजा, ते पिणारच नाही. तलवारीची धार म्हणजे भरपूर कार्बन, लाल करून पाण्यात, कडक. गोल्फचं हेड मुद्दाम मऊ ठेवलेलं. दोघांच्या हातात हातोडा आहे एवढंच नातं.

आता ग्रेन फ्लो. हॅमरखाली डायमध्ये (साच्यात) दाबलेल्या कुठल्याही तुकड्यात धातूचे तंतू आकाराप्रमाणे वळतात. ट्रॅक्टरच्या कनेक्टिंग रॉडमध्येही वळतात, त्याच्यावर कोणी कविता केलेली नाही. फायदा कशाला, तर कोट्यवधी फेरे खाऊन तडा जाऊ नये म्हणून. तुमच्या क्लबला जन्मात किती फटके बसणार?

पण आठवं_होल, तुम्हीही घाईने जिंकू नका. फोर्जिंग निम्मंच काम असतं. डाय झिजते, हजारावा तुकडा पहिल्यासारखा निघत नाही. मग फ्लॅश (कडेला आलेला जादा धातू) कापा, घासा, वजन करा, पुन्हा घासा. इथे खरा माणूस दिसतो. जपानी गिऱ्हाइकाचं ऑडिट मी चार वेळा पाहिलंय. ते लोक तुकड्याकडे नंतर बघायचे, आधी झाडू कुठे टांगलाय ते बघायचे. पहिल्या वेळी आम्ही हसलो. दुसऱ्या वेळी आमचा झाडूच सापडला नाही आणि रिपोर्टमध्ये पहिल्या ओळीला तो आला.

एचिगोची_वाट (निगाता)

घणाचा_घाव काका, झाडूला +१००.

मी राहते तिथून त्सुबामे जवळ आहे. भाषांतराच्या कामासाठी तिथल्या लहान कारखान्यांत जाणं होतं. हे गाव एदो काळात खिळे करायचं, मग काटे-चमचे. ॲपलच्या पहिल्या आयपॉडची पाठ आरशासारखी चकचकीत असायची आठवतं? ती इथल्या पॉलिश करणाऱ्यांनी घासलेली. एंडो ही क्लब फोर्ज करणारी मोठी कंपनी याच गावची. तिचं स्वतःचं नाव एपॉन, पण इतर अनेक नामांकित ब्रँडना हेडं तीच पुरवत आली आहे. तलवारीचा कोणी उच्चारही करत नाही.

तर दोन गोष्टी. एक, एंडोचा मोठा कारखाना थायलंडमध्ये आहे. "जपानी फोर्जिंग" म्हणून जे हेड तुम्ही कुरवाळता ते घडवणारा हात थाई असू शकतो, आणि त्याने काही बिघडत नाही. कसब रक्तातून येत नाही, शिकवल्याने येतं.

दुसरी गोष्ट आठवं_होल यांच्या विरोधात. मी एका आजोबांना पट्ट्यावर धातू घासताना पाहिलंय (क्लब नव्हता, स्टीलचा पेला होता). दर काही सेकंदांनी ते तुकडा उचलून उजेडाकडे तिरपा धरायचे. मला काहीच दिसत नव्हतं. ते पुन्हा घासायचे. विचारलं तर म्हणाले, सावली अजून लंगडतेय. याला गोष्ट म्हणून मोडीत काढणं मला जमत नाही. किंमत द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण तिथे काहीतरी आहे.

लेफ्टी

ताई, हेच म्हणायचं होतं मला, तुमच्यासारखं सांगता आलं नाही. ब्लेडची वरची कड, पुढची कड, तळाची गोलाई. बॉलपाशी उभं राहून खाली बघितलं की ते हेड "बसलेलं" दिसतं. अमेरिकन आयर्न पाट मांडल्यासारखं दिसतं.

बॅगवाला (मुंबई)

चेंबूरला अकरा वर्षं कॅडी होतो, आता ग्रिप बदलणं, शाफ्ट (दांडा) बदलणं, लाय-लॉफ्ट (दांड्याचा जमिनीशी कोन आणि चेहऱ्याचा तिरकेपणा) करणं ही कामं करतो. साहेब लोकांचं बोलणं वाचून गंमत वाटली.

माझ्याकडे जपानहून आलेले जुने सेट खूप येतात. हेड सुंदर असतं, वाद नाही. एका सेटमधल्या हेडांची वजनं काट्यावर टाकली तर शिस्तीत चढत जातात, दुसऱ्या बऱ्याच सेटमध्ये मधलं एखादं चुकार निघतं. पण खेळणारा तक्रार घेऊन येतो ती शाफ्टची. तिथल्या बाजारासाठी केलेल्या सेटमध्ये पुष्कळदा निप्पॉनचा ९५०जीएच असतो, १९९९ साली आलेला हलका स्टील शाफ्ट, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. आपल्याकडचे दणकट साहेब डायनॅमिक गोल्डवर वाढलेले, तो १३० ग्रॅमच्या आसपास. हलका शाफ्ट, जोरात स्विंग, बॉल डावीकडे झाडीत. मग म्हणतात जपानी माल फालतू. माल फालतू नाही, तुमच्या मापाचा नाही.

मऊ लोखंडाचा खरा फायदा कोणी सांगितलाच नाही. ते वाकतं. लाय दोन डिग्री हवा असेल तर बार घालून करून देतो. कडक स्टेनलेसचं कास्ट हेड वाकवायचं म्हणजे माझा जीव खालीवर होतो.

आठवं_होल

बॅगवाला, दंडवत. शाफ्टवरून आठवलं, जपानचा खरा दबदबा मला तिथेच दिसतो आणि त्याबद्दल कोणी भावुक होत नाही. तोरे या जपानी कंपनीने १९७१ मध्ये कार्बन फायबरचं कारखानी उत्पादन सुरू केलं. विमानं पुढची, आधीची गिऱ्हाइकं मासेमारीच्या काठ्या आणि गोल्फचे शाफ्ट. आज अमेरिकन ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) घेतलेल्या व्यावसायिकांच्या शाफ्टवर बघा: फुजिकुरा, मित्सुबिशी, ग्राफाइट डिझाइन. तिथे सामुराई नाही, घण नाही, राळेत भिजवलेल्या कापडाच्या गुंडाळ्या आहेत. आपण मात्र लोखंडालाच नमस्कार करतो.

आणि होन्मा या जपानी क्लब कंपनीचा विषय कुणी काढलाच नाही. २०१६ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे ट्रम्पना भेटायला न्यूयॉर्कला गेले तेव्हा सोनेरी होन्मा ड्रायव्हर घेऊन गेले. जपानी कसबाचं प्रतीक म्हणे. कंपनी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, २०१० पासून मालक चिनी, भेट दिली त्याच वर्षी हाँगकाँगच्या बाजारात तिचे शेअर आले.

एचिगोची_वाट

मालक चिनी झाला म्हणून होन्माच्या साकाताच्या कारखान्यातल्या माणसाचा हात बदलला का? हेड घासतो तो शेअर बघून घासत नाही. इथे तुम्ही उगाच ओढताय.

आठवं_होल

हं. तेवढं मागे घेतो. सोनेरी रंग मात्र मागे घेत नाही.

लेफ्टी

मूळ मुद्दा राहिलाच. फटक्याची जाणीव. ती आहे की नाही?

आठवं_होल

बॉल चेहऱ्याला चिकटून असतो साधारण अर्धा मिलिसेकंद. शाफ्टमधून कंप हातात येऊन मेंदूला कळेपर्यंत बॉल कधीच निघून गेलेला. तुम्ही अनुभवता तो मागे राहिलेला कंप, आणि त्याहून जास्त आवाज.

नुसतं बोलत नाही, काल रेंजवर (सरावाच्या जागी) करून पाहिलं. माझा कास्ट ७ नंबर आणि ऑफिसमधल्या एकाचा फोर्ज केलेला ७ नंबर, दोन्हींच्या पाठीला पांढरी टेप. बायको हातात देणार, मी डोळे मिटून घेणार. साध्या कानांनी १० पैकी ९ ओळखले. मग कानात फोमची बोळकी, वरून हेडफोन: १० पैकी ५. शेजारच्या खणातले काका रेंजवाल्याला बोलवायच्या बेतात होते.

घणाचा_घाव

चाचणी बाद. शाफ्ट एकच होता का? नसणार. हेडांची वजनं? आणि बॉल मारताना डोळे मिटले होते का? नसतील तर वरची कड दिसलीच. कान बंद केल्यावर निम्मे चुकलात याचा अर्थ तुम्हाला आकारही ओळखता आला नाही, म्हणजे १९ हॅन्डिकॅप खरा आहे. लेफ्टींना बसवा, एकच शाफ्ट, सारखं वजन, निदान पन्नास फटके.

लेफ्टी

मी तयार आहे. पण मला आवाज ऐकू द्या. आवाजासकटच घेतलाय मी सेट, कान घरी ठेवून कोण खेळतं? तंबोरा कानात बोळे घालून निवडायचा का?

आठवं_होल

हे मात्र बिनतोड.

अवांतर: आत्ता पुण्याच्या त्या मित्राचा फोन आला. नव्या सेटचे सगळे बॉल उजवीकडे जातायत. उंची सहा फूट दोन इंच. बॅगवाला, तुमच्याकडे पाठवू का?

बॅगवाला

पाठवा. लाय सपाट पडत असणार, दोन डिग्री उभा करू. मऊ लोखंड आहे, वाकेल. एका क्लबचे दोनशे रुपये. शाफ्टवरचं स्टिकर काढू नका म्हणावं, वजन मला वाचायचंय.