डोनर उद्या मुलीवर हक्क सांगू शकतो का? (यूके)

लेस्टरची_सांगलीकर
मिस्टरांचा स्पर्म काउंट शून्य, म्हणून २००७ साली इथल्याच लायसन्सवाल्या क्लिनिकमध्ये डोनर घेतला. लेकीचा जन्म २००८चा. तिला लहानपणीच सांगितलंय. सासूबाईंना अजून नाही, तेवढी छाती नाही माझी. आता ही म्हणते, अठरा पूर्ण झाले की डोनरचं नाव मागवणार. हे काही बोलत नाहीत, पण रात्री जागे असतात. तो माणूस दारात येऊन उभा राहिला तर? किंवा त्याच्या घरच्यांना वाटलं की पोरगी इस्टेटीसाठी आलीय?

क्रॉयडनकर
फॅमिली लॉमध्ये काम करतो. कायद्याने बाप तुमचे मिस्टरच. डोनरला हक्क नाही, पोटगी नाही, आणि लेकीला त्याच्या इस्टेटीत वाटा नाही. एकट्या बाईने ओळखीच्या माणसाकडून घरच्या घरी स्पर्म घेतलं असतं, तर तो बाप ठरू शकला असता. तुमचं तसं नाही.

१ एप्रिल २००५ पासून इथे डोनर निनावी राहत नाही. मूल अठराचं झालं की एचएफईए (इथल्या फर्टिलिटी क्लिनिकांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्याला डोनरचं नाव, जन्मतारीख आणि शेवटचा नोंदलेला पत्ता देते. उलट डोनरला कळतं ते इतकंच: किती मुलं, मुलगा की मुलगी, जन्माचं साल. तुमचा पत्ता त्याला मिळत नाही. लेकीने पत्र लिहिलं तरी उत्तर देण्याचं बंधन त्याच्यावर नाही, हे मात्र तिला आधीच सांगा.

नाशिकची_मेधा
आपल्याकडे भारतात २०२१च्या एआरटी (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या) कायद्याने डोनरचे पालक म्हणून सगळे हक्क संपतात, पण मुलाला त्याचं नाव मागायची सोय दिलेली नाही. स्पर्म बँक डोनरचा आधार नंबर घेते, मुलाला त्याचा काय उपयोग! २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात एक नवरा म्हणत होता, स्त्रीबीज मेहुणीचं, तेव्हा जुळ्या मुलींवर बायकोचा हक्कच नाही. कोर्टाने ऐकलं नाही, आईला मुलींना भेटू दिलं.

लेस्टरची_सांगलीकर
ह्यांना वाचून दाखवलं. "पोटगी नाही" वर हसले, बऱ्याच दिवसांनी. फॉर्मवर आमची सही लागते का?

क्रॉयडनकर
नाही. अठरानंतर अर्ज तिचा तिनेच करायचा. त्याच डोनरची दुसरी मुलं शोधायची असतील तर त्याचीही नोंदणी तिथेच होते, दोघांची तयारी असेल तरच ओळख देतात. पत्ता २००७चाच निघू शकतो, तेव्हा पत्र परत आलं तर लगेच हिरमुसू नका म्हणावं.