मदत हवी आहे : पायथनने व्हिडिओचे अचूक तुकडे कसे करावेत?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दशावतारी नाटकांची मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंग आहेत. कोणतं पद कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) फ्रेम क्रमांकानिशी नोंदवलंय. म्हाताऱ्या कलाकारांना त्यांची पदं वेगळी काढून द्यायची आहेत, म्हणून ही धडपड.

पांडाज या तक्ते वाचणाऱ्या पायथन लायब्ररीने त्यातली ओळ वाचून एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामला तुकडा कापायला सांगतो. रि-एनकोड न करता (म्हणजे व्हिडिओ नव्याने संकुचित न करता) नुसतं कॉपी केलं तर काम झटपट होतं, पण सुरुवात आधीच्या की-फ्रेमवर (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर) सरकते आणि आधीचा संवाद आत येतो. रि-एनकोड केलं तर अचूक कापतं; माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र फार वेळ जातो.

खरी डोकेदुखी वेगळीच. मोबाइलचा फ्रेमरेट (दर सेकंदाला किती फ्रेम) बदलता असतो, त्यामुळे फ्रेम क्रमांकाला 30 ने भागून काढलेली वेळ पुढे पुढे आवाजाशी जुळत नाही. सगळ्या फ्रेम मेमरीत घेणंही शक्य नाही; 1920 बाय 1080 ची एक फ्रेम ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत सुमारे 6 एमबी होते.

एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणाऱ्या, व्हिडिओची माहिती काढणाऱ्या प्रोग्रामने) प्रत्येक फ्रेमची खरी वेळ काढून सीएसव्हीला जोडावी, की आधी सगळं स्थिर फ्रेमरेटवर आणावं? फक्त सुरुवातीचा भाग रि-एनकोड करून उरलेला तसाच जोडणं कुणी केलंय का? नमुना कोड मिळाला तर फार बरं होईल.