डिझायर मागून बसलीय, जाड स्प्रिंग टाकू का स्पेसर (स्प्रिंगखालची चकती)?

औसा_रोड:
मंडळी, २०१३ची पेट्रोल डिझायर आहे. सीएनजी किट बाहेरून बसवलंय, डिकीत ६० लिटरची टाकी. मागं तिघं बसले की गावातल्या प्रत्येक ब्रेकरवर सायलेन्सर घासालंय. कागदावर १७० मिमी ग्राउंड क्लिअरन्स, भरल्या गाडीत तो कुठं जातो देव जाणे. एक मिस्त्री म्हणतो स्प्रिंगच्या वेढ्यात रबर बफर अडकव, दुसरा म्हणतो जाड स्प्रिंग टाक. मेव्हणा म्हणतो चारीकडून दोन इंच उचल.

शॉकअपवाले_काका, परभणी:
मेव्हण्याला चहा पाजून घरी पाठवा. पुढून दोन इंच उचलली की चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे कोन बिघडतात, कॅम्बर-टो (चाकांचा कल आणि रोख) हलतात, टायर एका कडेनं खातो. दुखणं मागचं आहे, पुढच्याला हात लावू नका.

आधी मोजा. सपाट फरशी, टायरांत हवा सारखी. डिकी दोन-चारदा दाबून सोडा, गाडी जरा पुढं-मागं ढकला, मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज मध्ये येते. डाव्या-उजव्यात बोटभर फरक निघाला तर स्टँड लावून स्प्रिंग जिच्यात बसते ती खालची वाटी बघा. आपली काळी माती तिथं गच्च बसते, ओल धरते आणि शेवटचा वेढा गंजून तुटतो. तुकडा वाटीतच पडून राहतो, वरून बघणाऱ्याला स्प्रिंग साबूतच दिसते. पावसाळा सरला की अशा गाड्या येतातच.

दोन्हीकडं सारखीच बसली असेल तर टाकीचा भार. रिकामी टाकीच साठेक किलोची, म्हणजे एक माणूस कायमचा डिकीत. मग मागं थोडी जाड स्प्रिंग चालेल. थोडीच! तार १२ची १३ मिमी केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी कडकपणा ३८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. एकटे निघालात की गाडी उड्या मारणार, आणि थकलेला शॉकअप तिला आवरणार नाही.

स्पेसरनं उंची वाढते, कडकपणा तोच राहतो. १५ मिमीपर्यंत मी बसवतो. त्यावर गेलात तर खड्ड्यात चाक लटकलं की शॉकअप पुरता ताणून खट् वाजतो. रबर बफर मात्र मी लावत नाही. तो एक-दोन वेढे जखडतो, सगळा भार उरलेल्यांवर.

गोदाकाठ, नांदेड:
सीएनजी आरसीवर चढवलंय का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवरच आहे. क्लेमच्या वेळी विमावाले पहिलं तेच विचारतात.

औसा_रोड:
आरसीवर आहे भाऊ. काका, टेप लावला, डावीकडं १२ मिमी कमी भरलं. वाटीत स्प्रिंग तुटकी निघाली तर डावी एकटीच बदलू का?

शॉकअपवाले_काका, परभणी:
जोडीनंच बदला, नाहीतर पुन्हा तिरकी उभी राहील. वाटीतलं रबरही नवं घ्या. मागून उचलल्यावर हेडलाइटचा झोत जवळ पडतो, तो भिंतीसमोर उभी करून लावून घ्या.