मदत हवी आहे: चेक काचेचा हार – खरंच १९३०चा की जुने भाग जुळवून अलीकडे केलेला?

नमस्कार मंडळी,

जुन्या चेक काचेच्या दागिन्यांचा नाद असलेलं इथे कुणी आहे का? मी सध्या प्रागमध्ये राहते. माल सतत डोळ्यांसमोर असतो, हीच पंचाईत!

इथल्या जुन्या बाजारात एक हार आवडलाय. पितळी जाळीकामाची पदकं, मधोमध शेंदरी काचेचे मोठे खडे, कडेने काळा मिना, एकूण धाटणी इजिप्शियन. काच आहे यात शंका नाही. हाताला गार लागते, दातावर टक् वाजते आणि भिंगातून खड्याच्या कडेला साच्याची शिवण दिसते. विकणारे आजोबा म्हणतात, 'नायगर' आहे. अडीच हजार कोरुना सांगतायत, शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माक्स आणि नॉर्बर्ट नायगर हे याब्लोनेत्स या काचेच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध चेक गावचे ज्यू भाऊ. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर युरोपभर इजिप्तची लाट आली, तेव्हा त्या धाटणीचे फार देखणे दागिने त्यांनी केले. पुढे दोघांचाही आउश्वित्झमध्ये बळी गेला. त्यांच्या मालावर सहसा छाप नसतो, त्यामुळे बाजारात जरा बरं दिसलं की नायगर म्हणून खपवतात. ते मी सोडूनच दिलंय.

माझी खरी अडचण वेगळी आहे. फाशाजवळच्या इवल्या पट्टीवर 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असं आहे. पण तो देश १९१८ ते १९९२ असा टिकला, म्हणजे छापावरून दशक काही कळत नाही. त्यात याब्लोनेत्सच्या गोदामांत जुनी ठशाची पितळी पानं आणि खडे पडून होते आणि त्यांतून आजही 'जुने' हार जुळवले जातात. भाग नव्वद वर्षांचे, हार कालचा! हे ओळखायचं कसं? आणि घेतलाच, तर साफ कसा करायचा? हिरवा जंगाल चढलाय.

– प्रागकरीण

---

काचमणी: ताई, पुढून बघूच नका, हार पालथा करा. कडीत कडी अडकते तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाच पडते. तशी खाच नसेल आणि कड्या सगळ्या एकसारख्या चकचकीत असतील तर जुळणी नवी. मग खड्याची दातरी, म्हणजे खडा धरून ठेवणारे पितळी दात, बघा. एकदा उघडून पुन्हा मिटलेल्या दातऱ्यावर पक्कडीचे ओरखडे राहतात. ठशाच्या खोलगट भागात काळपट मळ हवा. अंगभर सारखाच काळेपणा दिसला तर तो बहुधा रसायनाने आणलेला. आणि फासा खेकड्याच्या नांगीसारखा असेल तर तो तरी १९३०चा नाही.

रात्रपाळी: अतिनील टॉर्च न्या, हिरवं चमकलं की जुनं. सोपं आहे.

काचमणी: @रात्रपाळी, नाही हो. हिरवं चमकलं तर काचेत बहुधा युरेनियम आहे एवढंच कळतं आणि तशी काच चेकमध्ये आजही बनते. टॉर्च जरूर न्या, पण गोंद बघायला. हल्लीचे पुष्कळसे गोंद त्या उजेडात निळसर दिसतात. जिथे दातऱ्याने किंवा डाखाने जोड असायला हवा तिथे गोंद दिसला तर समजून जा.

पेठेतली माई: अगं, साफ करायच्या भरात पाण्यात बुडवू नकोस! खड्यामागे वर्ख असेल तर पाणी आत शिरून तो काळा पडतो, मग खडा कायमचा आंधळा. चिंच, लिंबू, पितांबरी काही नको, मिना आणि मुलामा दोन्ही जातील. कोरडा मऊ ब्रश, जंगालाला लाकडी काडी, बास. मण्यांची माळ कधी घेतलीस तर मात्र जुन्या दोऱ्यावर घालू नकोस. इकडे आलीस की पटवेकऱ्याकडून गाठवून घे, प्रत्येक मण्यामागे गाठ मारून.

आणि जरा अवांतर सांगते, याब्लोनेत्सच्या काचेच्या बांगड्या एकेकाळी हिंदुस्थानातही खूप यायच्या. फडताळं उघडा, प्रागपर्यंत जायलाच हवं असं नाही.

प्रागकरीण: माई, काचमणी, मनापासून आभार. आज परत जाऊन पालथा करून बघितला. मधल्या पदकाच्या कड्यांत खोल खाचा आहेत, मळही बरोबर जागी आहे. पण बाजूच्या दोन पदकांच्या कड्या नव्या कोऱ्या आणि एका खड्याखाली टॉर्चमध्ये निळी रेघ दिसली. आजोबांना दाखवली तर हसून म्हणाले, बायको दुरुस्त करते. म्हणजे हार जुना आणि दुरुस्ती नवी, की मधलं पदक जुनं आणि बाकी जमवाजमव?

काचमणी: बाजूच्या आणि मधल्या पदकांची मागची बाजू एकाच फोटोत टाका. पितळेचा रंग आणि ठशाची खोली जुळली तर दुरुस्ती समजा. नाही जुळली तर हजाराच्या वर जाऊ नका.

प्रागकरीण: शनिवारी फोटो टाकते.