लेकीला पहिल्यांदा मैफलीला न्यायचंय, बसेल का ती?

अवंती_लातूर

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे, पेटी शिकतेय. भूप, दुर्गा वगैरे राग झालेत. पण आजवर तिनं गाणं ऐकलं ते सगळं मोबाईलवर, नाहीतर गणपतीत स्पीकरवर. यंदा तिला अंबाजोगाईला न्यावं असं मनात आहे. यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीला, 25 नोव्हेंबरला, तिथं स्मृती समारोह सुरू होतो आणि त्यात संगीत सभाही असते. घरी मात्र सगळ्यांचं एकच पालुपद, "लेकरू अर्ध्या तासात झोपी जाईल, कशाला रात्रीची ने-आण करतेस?"

मी स्वतः समोर बसून गाणं ऐकलं ते लग्नानंतर. त्यामुळं लहान वयात ते कसं वाटतं हे मला माहीत नाही. ज्यांनी लहानपणी पहिली मैफल ऐकली त्यांनी सांगा, काय लक्षात राहिलं? कुठं बसवू? आधी काही ऐकवून नेऊ का?

घाटावरचा

जरूर न्या. शाल आणि कानटोपी घ्या, अंबाजोगाईला नोव्हेंबरात रात्री चांगलाच गारठा असतो. कडेची जागा धरा. उठायची वेळ आलीच तर एक राग संपून दुसरा सुरू व्हायच्या मधे उठा, आलाप चालू असताना नको.

केजकर_बाप्पा

ताई, माझं वय साठीच्या पुढं. गाव मांजरेच्या काठी. पहिली मैफल ऐकली ती अंबाजोगाईलाच, योगेश्वरीच्या देवळात, मार्गशीर्षातल्या नवरात्रात. (आश्विनातलं नवरात्र असतंच, पण योगेश्वरीचा मार्गशीर्षातला उत्सवही मोठा, पौर्णिमेपर्यंत चालतो.) तुमच्या लेकीएवढाच होतो मी.

माझे चुलते, तात्या, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. घरात खुंटीला पखवाज, आणि सप्ता आला की त्याच्यासाठी कणीक मळून द्यायचं काम आजीचं. म्हणजे पखवाज मला नवा नव्हता. गाणं म्हणजे वीणा, टाळ, पखवाज आणि सगळं गाव एका गळ्यानं, एवढंच मला ठाऊक. एक दिवस तात्या म्हणाले, "चल, आज देवीपुढं ध्रुपद आहे. साथीला पखवाज आहे." ध्रुपद म्हणजे शास्त्रीय गाण्याचा जुना प्रकार, पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. पखवाज आहे म्हणल्यावर निघालो.

एस.टी.नं दिवस मावळायच्या आत पोचलो. दर्शन झालं आणि तात्या थेट मंडपात जाऊन बसले. श्रोते अजून कुणीच नाहीत, सतरंज्या टाकणं चाललेलं. कलाकार मात्र येऊन बसलेले. गवई तानपुऱ्याच्या खुंट्या पिळत होते. पखवाजवाल्यांनी कणीक मागितली तसं तात्यांनी मला पिटाळलं. आत स्वयंपाक चालला होता तिथल्या मावशीनं ओल्या कणकेचा गोळा दिला, तो मी दोन्ही हातांत धरून आणला.

तबल्याच्या डग्ग्याला शाई, म्हणजे तो काळा गोल थर, कायमची असते. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, तशी नसते. दर वेळी ओली कणीक थापायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. जास्त झाली की आवाज बसतो, कमी पडली की घुमत नाही. गावात हे काम चुटकीसरशी व्हायचं. इथं त्या माणसानं कणीक लावली, थाप मारली, कान लावला, नखभर काढली, परत थाप मारली. मग उजवी पुडी. हातोडीनं गठ्ठे, म्हणजे कडेचे लाकडी ठोकळे, ठोकत ती तानपुऱ्याच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, मिळवायची. बाहेर दव पडायला लागलेलं. कातड्यानं ओल धरली की सूर उतरतो, म्हणून परत हातोडी. गवई डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी नुसतं "हां" म्हणलं, आणि तानपुरा कुठला अन् पखवाज कुठला हे मला सांगता येईना. अंगावर काटा आला. लोक अजून यायचे होते, पण ताई, माझी मैफल तिथंच सुरू झाली.

मग आलाप. शब्द नाहीत, नुसतं नोम-तोम. आता पखवाज वाजणार म्हणून मी पुढं सरकून बसलेला, आणि पखवाजवाले हात मांडीवर ठेवून गप्प. आलाप चालला तर चाललाच. मी तात्यांना विचारलं, "हे कवा वाजवणार?" तात्या म्हणाले, "वाजवायलाच बसलेत. आधी ऐकू दे त्यांना."

हे मला तेव्हा पटलं नाही. पण मी त्या माणसाकडं बघत राहिलो. ते गवयाइतकेच गाण्यात होते. गवई चढत चढत वरच्या षड्जाला लागले की यांची बोटं पुडीवर अलगद टेकायची आणि परत उचलली जायची. वाजवणाराला इतका वेळ ऐकावं लागतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. सप्त्यात अशी उसंतच नसते.

मग बंदिश आली, चौतालात. बारा मात्रा. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. हे बोल तात्या घरी बाजेवर बसून म्हणायचे, मला तोंडपाठ होते. पण गावात ते टाळांच्या गजरात बुडालेले असायचे. इथं एकेक अक्षर सुटं आलं, आणि दोन अक्षरांच्या मधली जागासुद्धा ऐकू आली. मी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होतो. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, तात्यांची आणि माझी मान एकदमच हलायची. डाव्या हाताची थाप जमिनीतून माझ्या मांडीला लागत होती. ती मांडीला लागलेली थाप कुठल्या भोंग्यातून येत नाही आणि मोबाईलमधून तर नाहीच. लेकराला समोर नेऊन बसवायचं ते त्याच्यासाठी.

पुढं मी झोपलो. परण, म्हणजे पखवाजाच्या जोरकस बोलांची रचना, सुरू झाल्यावर जागा झालो, परत झोपलो. तात्यांनी उठवलं नाही, अंगावर उपरणं टाकलं. सकाळच्या गाडीत मात्र मी "धुमकिट तकिट तका" म्हणत होतो, आणि ते त्या लयीत मला कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून तुमच्या घरच्यांना सांगा, झोपली तर झोपू द्या. झोपेतही कान मिटत नाहीत.

अजून एक. आपल्याकडच्या लेकराला गाणं परकं आहे असं धरून चालू नका. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजासाठी 1986 साली पद्मश्री झाले, आणि उद्धवबापूंनी तो वारसा पुढं चालवला. ज्या पखवाजावर आपल्या गावोगावी हरिपाठ होतो, त्याच पखवाजावर ध्रुपदाची साथ होते. हे लेकराला तिथं दाखवा. तिनं सप्त्यात पखवाज ऐकलाच असेल, तिथून तिला आत नेता येईल.

आधी काही ऐकवून नेऊ नका. रागाचं नावसुद्धा सांगू नका. तबला असो की पखवाज, सम तेवढी ओळखायला शिकवा.

सावित्री_नांदेड

बाप्पा, वाचताना डोळे भरून आले. पण लेकराला मैफलीची सवय लावावी लागते असं जे सगळे धरून चाललेत, ते मला मान्य नाही. आमच्या वस्तीत कुणाला कडेवर, कुणाला पाळण्यात असल्यापासून गाणं समोर बसूनच ऐकायला मिळालं.

माझी पहिली मैफल म्हणजे 1994 च्या जयंतीचा भीमगीतांचा कार्यक्रम. त्याच वर्षी 14 जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. त्यासाठी किती वर्षं, किती घरं जळाली, किती माणसं गेली, हे आमच्या घरात रोज बोललं जायचं. त्यामुळं ती 14 एप्रिलची रात्र वेगळी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज. पेटी, ढोलकी, बेंजो, आणि कोरसला चार बाया. वामनदादा कर्डकांची गाणी झाली आणि समोरच्या बायांनी गायकाच्या आधीच पुढची ओळ उचलली. माझी आई त्यात होती. घरात आईचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. मग गायकानं विद्यापीठाचं नाव घेतलं, बाबासाहेबांच्या नावासकट, पूर्ण. सगळी वस्ती उभी राहिली. वडील रडत होते आणि टाळ्या वाजवत होते.

तिथं शांतता नव्हती, कुणी मात्रा मोजत नव्हतं. पण ढोलकी छातीत वाजत होती, बाप्पा म्हणतात तशीच. अवंतीताई, अंबाजोगाईला न्याच, आणि एप्रिलमध्ये लेकीला एखाद्या जयंतीच्या कार्यक्रमालाही न्या. दोन्ही ऐकू द्या तिला.

छावणी_रोड

आमची पहिली वेरूळला. तेव्हा महोत्सव कैलास लेण्यासमोर व्हायचा, पुढं तो शहरात सोनेरी महालाला आला. सतार होती. मागं कोरलेला अख्खा डोंगर, आणि आम्ही भावंडं पुढं बसून वादकाचा डावा हात बघत होतो, तार ओढून सूर कसा वर नेतात ते. मुलीला हात दिसतील अशी जागा धरा, एवढंच सांगतो.

अवंती_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सावित्रीताई, एप्रिलचं नक्की. बाप्पा, एक विचारते. जुळवाजुळव बघायला आधी जाऊन बसलं तर कलाकारांना चालतं का? आणि तिला तिथं काय दाखवू? पखवाज नसला तर?

केजकर_बाप्पा

गप्प बसलं तर चालतं. आयोजकांना आधी विचारा, लेकरू शिकतंय म्हणल्यावर कुणी नाही म्हणत नाही. फक्त सूर मिळवताना मधे बोलायचं नाही आणि तिला पेटीचे सूर गुणगुणू द्यायचे नाहीत.

पखवाज नसला तरी तानपुरा असणारच. बहुतेक वेळा तो प सा सा सा असा लावतात. शेवटची तार खर्जाची, जाड. ती नीट जुळली आणि जवारी उघडली, म्हणजे घोडीवर तारेखालचा दोरा बरोबर जागी बसला, की त्या एका तारेतून गांधारही ऐकू येतो. तानपुऱ्यात गांधाराची तार नसते, तरी येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. लेक पेटी शिकतेय म्हणजे गांधार तिच्या ओळखीचा आहे. तिला सांगा, चार तारांत न लावलेला 'ग' कुठं आहे ते शोध. पटकन नाही सापडायचा, पहिल्या वेळी तर नाहीच. पण शोधायला बसली की तासभर जागची हलणार नाही.

मी सभेला असतोच, डाव्या बाजूला पुढून. दिसलो तर हाक मारा, लेकीला माझ्याजवळ बसवा.