शब्दचर्चा: ब्लॉकचेनला ‘खंडसाखळी’ म्हणावे का?

प्रश्न (अंबाजोगाई): लोकसभेचं मतदान ब्लॉकचेनवर घ्यावं का, यावर नववीच्या वर्गात बोलायचं आहे. ‘खंडसाखळी’ हा प्रतिशब्द चालेल का? ‘फेरफार-रोधक’ असंही एके ठिकाणी वाचलं.

उत्तर (धारूर): सर, ‘खंडसाखळी’ आपल्याकडे नको. पावसाने खंड दिला, शेत खंडाने केलं, हे आपले खंड. पोरांना तुटलेली साखळी वाटेल. ब्लॉकचेन म्हणजे संगणकावरची नोंदवही, आणि तिच्यात तर एका पानावरच्या नोंदींचा आकड्यांतला ठसा पुढच्या पानावर उतरतो. मागचं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही, आणि वहीच्या प्रती अनेकांकडे असल्याने लबाडी उघडी पडते. मी ‘साखळीवही’ म्हणते.

‘फेरफार’ तर मुळीच नको. पेपरात फेरफार म्हणजे लबाडी, तलाठ्याकडे फेरफार म्हणजे रीतसर नोंद. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो आणि नवं नाव फेरफार क्रमांकासह चढतं. जुनं खोडून टाकत नाहीत. साखळीवहीचंही असंच, म्हणून ‘न पुसता येणारी’ म्हणा. पण न पुसलेलं ते खरंच असतं असं नाही. वडील गेल्यावर वारसनोंदीत माझं नाव राहून गेलं. कागद शाबूत होता, खरा नव्हता. मतदाराच्या फोनमध्येच मत बदललं, तर वही ते बदललेलं मत जिवापाड जपणार. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने २०१८ मध्ये परदेशातल्या मतदारांसाठी व्होट्झ हे ब्लॉकचेनवरचं अॅप वापरलं. फोनवर ताबा मिळवणाऱ्याला त्यात मत बदलता येईल, असं तिथल्याच एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं.

(केज): पण ताई, ऊसतोडीला गेलेल्यांचं काय? विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, तेव्हा आमच्या वस्तीवरचे कितीतरी कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्यावर होते. फोनवरून मत देता आलं असतं तर त्यांचं मत बुडालं नसतं.

(धारूर): दादा, ते मत बुडू नये असंच मलाही वाटतं. पण कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, बसून फोनवर मत देताना शेजारी मजूर नेणारा मुकादम असेल आणि त्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असेल, तर ‘गुप्त मतदान’ या दोन शब्दांतला पहिला उरतो का? वहीला हा माणूस दिसत नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता, तो मला जवळचा वाटतो: इंटरनेटला न जोडलेला, एका यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंत सोय, आणि मत केंद्रातल्या आडोशाला. असं केंद्र कारखान्याजवळ आलं पाहिजे, त्यासाठी आपण भांडू.

(अंबाजोगाई): फळ्यावर ‘साखळीवही’च लिहितो. तुमच्या वारसनोंदीचं उदाहरण वर्गात सांगितलं तर चालेल का?

(धारूर): सांगा सर. फक्त गावाचं नाव घेऊ नका, भावाची मुलं तिथेच शिकतात.